नागपूरच्या स्वयंपाकघरातला माचा

माचा म्हणजे सावलीत वाढवलेल्या हिरव्या चहाच्या पानांची दगडी जात्यावर दळलेली वस्त्रगाळ पूड. ही पूड थोड्या पाण्यात फेटून दुधात मिसळली की माचा लाटे होतो. नेहमीच्या चहात पाने आपला रंग आणि चव पाण्याला देतात आणि स्वतः गाळणीत राहतात. माचात गाळण्यासारखे काही उरत नाही, अख्खे पान दुधाबरोबर पोटात जाते. त्यामुळे पानाची प्रत, पुडीचा ताजेपणा आणि पाण्या-दुधाची उष्णता यांतली प्रत्येक चूक थेट जिभेवर येते. नागपुरात हे पेय आधी धरमपेठ, रामदासपेठ आणि सदरच्या कॅफेंत आले. पुडीचे डबे घरपोच मिळू लागले, तसे ते स्वयंपाकघरातही शिरले. घरी केलेल्या पेल्याबद्दल दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात: कडू झाला, किंवा वाळल्या गवतासारखा लागला. दोन्हींचे कारण बहुतेक वेळा एकच असते, जास्तीची उष्णता. उन्हाळ्यात ४५ अंशांवर जाणाऱ्या आणि २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदवणाऱ्या शहरात माचा करायचा, तर पहिला विचार उष्णतेचाच करावा लागतो.

ही पूड इतकी नाजूक का, हे तिच्या घडणीतून कळते. झाड आपल्या आसामातल्या चहाच्याच जातीचे, कॅमेलिया सायनेन्सिस. जपानात वसंतातली पहिली पालवी खुडण्याआधी तीन-चार आठवडे मळ्यावर आच्छादन घालतात. पूर्वी ते बोरू आणि पेंढ्याचे असे, आता बहुतेक ठिकाणी काळी जाळी असते. सावलीतले झाड मिळेल तेवढा प्रकाश पकडण्यासाठी पानात हरितद्रव्य वाढवते. मुळांकडून पानात येणारे थिॲनिन हे अमिनो आम्ल उन्हात कॅटेचिन या तुरट द्रव्यात बदलत जाते. सावलीत ही क्रिया मंदावते, म्हणून पान गडद हिरवे आणि चवीला गोडसर, भरीव राहते. खुडलेल्या पानांना लगेच काही सेकंद वाफ देतात. वाफेने पान काळे पाडणारी विकरे निकामी होतात. मग पाने न वळता भट्टीत वाळवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात. या टप्प्यावरच्या पानाला जपानी लोक तेन्चा म्हणतात. ग्रॅनाइटच्या जात्यात तेन्चा सावकाश दळला की माचा मिळतो. एक जाते तासाला साधारण ३० ते ४० ग्रॅम पूड देते, त्याहून वेगाने फिरवले तर घर्षणाने तापते आणि वास बिघडतो. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या ३० ग्रॅमच्या डब्यामागे एका जात्याचा जवळजवळ तासभर वेळ असतो. स्वस्त पूड यंत्रांच्या चक्कीत झपाट्याने दळलेली असते.

चहाची पूड फेटून पिण्याची रीत मुळात चीनची. सोंग घराण्याच्या काळात ती दरबारी कला होती आणि सम्राट ह्वीझोंगने ११०७ च्या सुमारास तिच्यावर स्वतः ग्रंथ लिहिला. १३९१ मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने नजराण्यात दाबलेल्या चहाच्या वड्यांऐवजी सुटी पाने घ्यायचे ठरवले. पुढे चीनमध्ये फेटलेला चहा मागे पडला. जपानात मात्र तो टिकला, कारण तोवर तो बौद्ध विहारांत रुजला होता. एईसाई हा भिक्षू ११९१ मध्ये चीनहून परतताना झेन परंपरा आणि चहाचे बी दोन्ही घेऊन आला, असे मानले जाते. १२११ मध्ये त्याने चहाच्या आरोग्यगुणांवर पुस्तकही लिहिले. सोळाव्या शतकात क्योतोजवळच्या उजी गावात मळ्यांवर सावली धरण्याची पद्धत बसली, आणि त्याच शतकात सेन नो रिक्यू याने चहाविधीला आजचे साधे, शांत रूप दिले. नागपूरचे जपानशी असलेले नातेही बौद्ध धर्माच्या वाटेनेच आले आहे. मूळचे जपानी भदंत सुरेई ससाई यांनी नागपूरला कर्मभूमी केले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार नोरिको ओगावा यांच्या देणगीतून १९९९ मध्ये उभे राहिले. नागपूरकराला जपान ओळखीचा झाला तो या विहारांमुळे. माचा मात्र कॉफीच्या दुकानांतून आला आणि येताना दूध सोबत घेऊन आला. जपानी चहाविधीत दुधाला जागा नाही. लाटे हा इटालियन कॉफीच्या साच्यात बसवलेला अलीकडचा प्रकार आहे. म्हणून त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. दूध हा चांगला जोडीदार आहे, फक्त त्याला वागवण्याची आपली सवय बदलावी लागते.

ही सवय सीटीसी चहाने लावलेली आहे. दाणेदार चहाचे हे तंत्र १९३० मध्ये आसामात निघाले. पान चिरडून, फाडून, गुंडाळून त्याचे दाणे करायचे, म्हणजे कमी पत्तीत गडद रंग उतरतो आणि दूध, साखर, आले घालून खदखदा उकळले तरी चव उरते. नागपुरात चहा मांडला की तो दोन-तीन उकळ्या काढूनच उतरवतात, आणि त्या चहाला ते शोभते. माचाला एक उकळीही सोसत नाही. उष्णतेने हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निसटते, पोपटी रंग शेवाळी होतो, वर येणारा ताज्या पालवीचा वास उडून जातो आणि पाणी जितके गरम तितका तुरटपणा जास्त उतरतो. दुधात पूड टाकून गॅसवर ठेवणे ही घरी होणारी सगळ्यात मोठी चूक आहे. महागातली पूडही त्यातून वाचत नाही.

पूड विकत घेताना डब्यावरच्या ‘सेरेमोनियल’ या शब्दावर फार विसंबू नये. जपानात त्या शब्दाला कायद्याने ठरवलेली व्याख्या नाही, कोणीही तो छापू शकतो. पाहायचे ते वेगळेच: पिकवल्याचा प्रदेश, दळल्याची किंवा भरल्याची तारीख, आणि घटकांच्या यादीत चहाखेरीज काही आहे का. उजी, आयची प्रांतातले निशियो, फुकुओकातले यामे आणि दक्षिणेचे कागोशिमा ही नावे भरवशाची आहेत. साखर आणि दूधभुकटी घातलेली तयार मिश्रणे माचाच्या नावाने विकली जातात, त्यांत पूड नावापुरती असते. शेवग्याच्या पाल्याची पूड हिरवी आणि पौष्टिक असली तरी ती माचा नाही. तिच्यात ना कॅफिन, ना थिॲनिन, आणि दुधात ती पालेभाजीसारखी लागते. चांगली पूड झळझळीत हिरवी असते, चिमटीत टाल्कम पावडरसारखी मऊ लागते आणि वास किंचित गोडसर येतो. पिवळट किंवा मेंदीसारखी दिसणारी पूड जुनी तरी असते किंवा उशिराच्या खुडणीची. लाटेसाठी सर्वांत वरच्या प्रतीची पूड घेणे मात्र वाया जाते. तिची हळुवार चव दुधाखाली दबते. दूध पेलणारी, थोडी ठसठशीत मधली प्रत घ्यावी आणि ती ताजी असल्याची खात्री करावी.

किंमत चढी असण्यालाही कारण आहे. जपानचे तेन्चाचे उत्पादन २०१० नंतर सुमारे तिपटीने वाढून २०२३ मध्ये ४,१७६ टनांवर गेले, तरी जगाची मागणी त्याहून वेगाने वाढली. २०२४ च्या शरद ऋतूत क्योतोतल्या इप्पोदो आणि मारुक्यू कोयामाएन या जुन्या पेढ्यांना विक्रीवर मर्यादा घालावी लागली. त्या वर्षीच्या कडक उन्हाळ्याने क्योतोकडची पुढची खुडणी घटली, आणि मे २०२५ मध्ये तिथल्या लिलावात तेन्चाचा भाव किलोला ८,२३५ येनपर्यंत पोहोचला. आधीचा विक्रम २०१६ चा, ४,८६२ येनचा होता. नवा मळा लावला तरी झाड पुरते खुडणीला यायला पाचेक वर्षे लागतात, तेव्हा स्वस्ताईची वाट पाहण्यात अर्थ नाही. भाव चढला की भेसळ आणि जुना माल वाढतो, म्हणून डब्यावरची तारीख पाहणे आता अधिकच गरजेचे झाले आहे.

डबा कधी मागवावा, यालाही नागपुरात महत्त्व आहे. जपानात मे महिन्यात खुडलेला तेन्चा परंपरेने मडक्यांत सीलबंद ठेवून नोव्हेंबरात उघडतात. तोवर त्याचा कच्चा उग्रपणा निवतो. आपल्याकडे नेमकी तेव्हाच थंडी सुरू होते. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत मागवलेला डबा वाटेत तापत नाही. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत आणि गोदामात दोन दिवस शिजलेली पूड घरी पोहोचेपर्यंत अर्धी मेलेली असते. मोठे पाकीट स्वस्त पडते म्हणून घेऊ नये. ३० ग्रॅमच्या डब्यात २ ग्रॅमप्रमाणे १५ पेले होतात, आणि उघडलेला डबा तीन-चार आठवड्यांत संपवायचा असतो. न उघडलेला डबा फ्रिजमध्ये किंवा फ्रीजरमध्ये नीट राहतो. उघडलेलाही फ्रिजमध्येच ठेवावा, पण हवाबंद आणि लसणाच्या चटणीपासून दूर, कारण पूड वास पटकन ओढून घेते.

इथे कूलरचा एक प्रश्न आहे, ज्याचा बाहेरच्या पुस्तकांत उल्लेख सापडणार नाही. नागपूरची मे महिन्यातली हवा बाहेर कोरडी असते, पण वाळ्याचे पडदे लावलेल्या कूलरने घरातली हवा दमट होते. थंडगार डबा अशा खोलीत लगेच उघडला की आत दव धरते, पुडीचे खडे होतात आणि ती आठवड्यात रंग टाकते. डबा बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटे तसाच बंद ठेवावा, मग उघडावा, लागेल तेवढी पूड कोरड्या चमच्याने घ्यावी आणि डबा ताबडतोब परत आत ठेवावा. पावसाळ्यातही हेच.

पाण्याला दोन कसोट्या आहेत, एक जडपणाची आणि दुसरी उष्णतेची. जपानचे पाणी बहुतांश मृदू असते आणि माचाची चव त्यावर बेतलेली आहे. नागपूरला नळाचे पाणी पेंच आणि कन्हान नद्यांचे येते आणि ते चालते. शहराचा पश्चिम भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर आणि पूर्व भाग जुन्या नाइस खडकावर वसलेला आहे. त्या खडकांतून येणारे विहिरी-बोअरवेलचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. जड पाण्यातले कॅल्शियम चहाच्या द्रव्यांना धरून ठेवते, त्यामुळे पेय फिके पडते आणि वर पातळ तवंग येतो. केटलीच्या तळाशी पांढरी खपली धरत असेल, तर ते पाणी माचाला वापरू नये. घरी आरओ असेल तर त्याचे पाणी घ्यावे, किंवा पाणी उकळून, निवळून वरचे घ्यावे.

उष्णता हवी ७० ते ८० अंश. त्यासाठी तापमापक लागत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर असलेल्या नागपुरात पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळते. दोन वाटे उकळते पाणी आणि एक वाटा माठातले पाणी एकत्र केले की हिशेब ७५ अंशांच्या जवळ येतो. टाकीचे पाणी मे महिन्यात स्वतःच ४० अंशांना टेकते, म्हणून माठाचेच घ्यावे. माठाचे पाणी कडक उन्हाळ्यातही बरेच खाली राहते आणि त्यामुळे हे प्रमाण वर्षभर बदलावे लागत नाही.

एका पेल्याला चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे साधारण २ ग्रॅम पूड घ्यावी आणि ती बारीक जाळीच्या गाळणीतून रुंद वाडग्यात चाळावी. हा टप्पा टाळू नये. इतक्या सूक्ष्म पुडीचे कण डब्यात एकमेकांना चिकटून बसतात आणि पाण्यात पडल्यावर गोळ्यांच्या बाहेरचा भाग भिजून आतला कोरडा राहतो. पिठल्याचे बेसन आधी थोड्या पाण्यात कालवावे, तशी पूड दोन चमचे पाण्यात मळून तिचा गुळगुळीत लेप करावा, मग उरलेले पाणी घालावे. एकूण पाणी ५० ते ६० मिलिलिटर पुरते. फेटायला जपानात बांबूचा चासेन वापरतात. नारा प्रांतातल्या ताकायामा गावात बांबूच्या एकाच तुकड्याला चिरून त्याचे ८०, १०० किंवा १२० काटे काढण्याची कला पाचशे वर्षांपासून चालत आली आहे, आणि जपानातले बहुतेक चासेन तिथेच होतात. फेटताना गोल ढवळायचे नसते. मनगट सैल ठेवून पुढे-मागे झपाट्याने हलवायचे, तळाला न घासता. वीस-तीस सेकंदांत बारीक बुडबुड्यांचा थर येतो. वापरण्याआधी चासेनचे काटे कोमट पाण्यात दोन मिनिटे भिजवावेत. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात न भिजवता वापरला तर काटे तडकतात, आणि पावसाळ्यात धुऊन उघड्यावर वाळवला नाही तर बुरशी धरतो. चासेन नसेल तर बॅटरीवरचा छोटा फ्रॉथर चांगले काम करतो. ताकाची रवी मात्र एवढ्या थोड्या पाण्यात फिरत नाही. मिक्सर तर वापरूच नये, त्याच्या भांड्याला अर्धी पूड चिकटून राहते.

दुधाकडे नागपुरात विशेष लक्ष द्यावे लागते, कारण इथे दूध म्हणजे बहुतेकांसाठी म्हशीचे दूध. लांब, तलवारीसारख्या शिंगांची नागपुरी म्हैस ही विदर्भाची स्वतःची जात आहे आणि तिच्या दुधात स्निग्धांश ७ टक्क्यांच्या पुढे जातो. गवळ्याकडून आलेले असे दूध खव्याला, चहाला, दह्याला उत्तम. माचात ते जिभेवर साईचा थर धरते आणि हिरवी चव मागे पडते. गिट्टीखदानात १९३२ मध्ये राणा बंधूंनी सुरू केलेल्या दिनशॉज्‌पासून आजच्या अनेक डेअऱ्यांपर्यंत शहरात पिशवीचे दूध भरपूर मिळते. त्यातले ३ टक्के स्निग्धांशाचे टोन्ड दूध लाटेला सर्वांत जुळते. त्यात प्रथिने पुरेशी असतात, आणि फेस धरून ठेवण्याचे काम प्रथिनेच करतात. डबल टोन्डचा, म्हणजे दीड टक्क्याच्या दुधाचा फेस भरपूर येतो, पण पेय पाणचट लागते. फुल क्रीमच वापरायचे असेल तर पाचव्या हिश्श्याइतके पाणी मिसळावे. दुधातले केसिन चहाच्या तुरट द्रव्यांना बांधून घेते, म्हणून दुधासोबत माचा कमी कडू लागतो. याच कारणाने लाटेत पूड थोडी जास्त घातली तरी चालते.

दूध तापवावे ६० ते ६५ अंशांपर्यंत. ७० अंशांच्या पुढे त्यातली प्रथिने आकार बदलतात, शिजल्या दुधाचा वास येतो आणि फेस बसतो. गंजाच्या कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले आणि वाफ निघाली की लगेच उतरवावे. पिशवीचे दूध पाश्चरीकृत असते. ते सतत थंड राहिलेले असेल तर पुन्हा उकळण्याची गरज नसते. गवळ्याचे सुटे दूध मात्र आधी नीट उकळलेच पाहिजे. असे दूध सकाळी उकळून, गार करून, साय काढून फ्रिजमध्ये ठेवावे आणि लाटेच्या वेळी पुन्हा फक्त कोमट-गरम करावे. फेसासाठी फ्रॉथर नसेल तर काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत गरम दूध घालून झाकण घट्ट लावावे, कापडात धरून अर्धा मिनिट हलवावे आणि झाकण जपून उघडावे. मग पेल्यात आधी फेटलेला माचा, त्यावर १५० ते १८० मिलिलिटर दूध, शेवटी चमच्याने फेस. डिसेंबर-जानेवारीत पेला आधी गरम पाण्याने धुऊन घेतला तर पेय लवकर निवत नाही.

मार्चपासून जूनपर्यंत नागपुरात थंड लाटेच करावा, आणि खरे तर तोच या शहराला जास्त मानवतो. थंडाव्यात तुरटपणा दबतो आणि रंग अधिक वेळ टिकतो. पूड अडीच ते तीन ग्रॅम घ्यावी, कारण बर्फाने चव पातळ होते. फेटण्यासाठी पाणी तरीही कोमट-गरमच लागते, थंड पाण्यात पूड नीट फुलत नाही. पेल्यात बर्फ, त्यावर फ्रिजमधले दूध आणि सर्वांत शेवटी माचा सावकाश ओतला की हिरवा थर वर तरंगतो. प्यायच्या आधी तो ढवळावा, कारण पूड विरघळत नाही, फक्त तरंगत असते आणि काही मिनिटांत तळाशी जाते.

गोडवा कमी ठेवावा. खडीसाखरेचा पाक किंवा साधी साखर पुडीबरोबरच गरम पाण्यात विरघळवावी. गुळाची चव छान लागते, पण गूळ गरम दुधात घातला तर दूध फाटण्याची भीती असते. तो पाण्यात विरघळवून, गाळून फक्त थंड लाटेत वापरावा. वेलची, आले, केशर यांपैकी काहीही माचाच्या मंद वासावर मात करते. तो मोह आवरावा.

दुधाशिवायचा एक प्रकार नागपूरला अगदी जवळचा आहे, संत्र्याचा. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या नागपुरी संत्र्याचे दोन बहार असतात. आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, मृग बहार फेब्रुवारीनंतर येतो. ताज्या, गाळलेल्या, थंड रसावर फेटलेला माचा सावकाश ओतावा. संत्र्याचे आम्ल तुरटपणाला उठाव देते आणि गोडी त्याला सावरते, साखर लागत नाही. मृग बहाराचे गोड फळ याला अधिक चांगले. यात दूध घालू नये, रसाच्या आम्लाने ते लगेच फाटते. रसात हिरवा रंग फार वेळ टिकत नाही, तेव्हा पेला केल्याकेल्या प्यावा.

माचात सुमारे ३.२ टक्के कॅफिन असते, म्हणजे २ ग्रॅमच्या पेल्यात साधारण ६४ मिलिग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेने दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे आणि चहाच्या कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन धरले आहे. तीन-चार कप चहा पिणाऱ्याने माचा त्यात भर म्हणून घेऊ नये, त्यातल्या एका कपाऐवजी घ्यावा. त्याच मार्गदर्शिकेत जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितले आहे, कारण चहातली द्रव्ये अन्नातले लोह शोषू देत नाहीत. माचात पान अख्खे पोटात जात असल्याने ही काळजी अधिक घ्यावी लागते. पोळी-भाजी आणि डाळीवर भागवणाऱ्या, रक्त कमी असलेल्या मुलींनी आणि बायांनी तर नक्कीच. रिकाम्या पोटी काहींना मळमळते. सकाळचा नाश्ता होऊन तास-दीड तास उलटल्यावर किंवा दुपारी चारच्या सुमारास तो घ्यावा. झोप हलकी असलेल्यांनी संध्याकाळनंतर घेऊ नये, आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.